फुग्याचा अभ्रा

खर्रर्र.

एवढाच आवाज झाला आणि थांबला. पण तेवढ्याने शनिवार दुपारच्या शांततेला चांगली वीतभर चीर गेली.

ती बिछान्याला टेकून जमिनीवर बसली होती. भुंगी नुकतीच झोपली होती. म्हणजे पाऊण तास थोपटून, तीनदा पाणी पाजून आणि ‘मासे डोळे उघडे ठेवून कसे झोपतात’ याचं पटेल असं उत्तर मिळाल्यावर एकदाची झोपली होती. साडेपाच वर्षांच्या या मुलीचं खरं नाव शाळेच्या दप्तरावर लिहिलेलं होतं, घरात ते कुणी वापरत नसे. कानाशी सतत प्रश्नांची गुणगुण, म्हणून भुंगी. तिच्या आईच्या हातात या क्षणी चहा होता आणि तो चक्क गरम होता. आठवड्यात पहिल्यांदा.

आणि बाहेरच्या खोलीत सासूबाईंचं मशीन चाललं होतं.

सासूबाई शनिवारी दुपारी शिवत नसत. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवताना त्यांनी स्वतःला ही एकच सवलत दिली होती. शनिवारी जेवण झालं की आडवं व्हायचं, ते पाचलाच उठायचं. मग गिऱ्हाईक दारात लग्नाचे कपडे घेऊन रडत उभं राहो. त्यामुळे या वेळी मशीन चालतंय म्हणजे काहीतरी शिजत होतं. आणि उद्या रविवार होता. उद्या सकाळी ती तलावात उतरणार होती.

बकल! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चहा तसाच ठेवून ती उठली.

या बकलाचं प्रकरण मागच्या रविवारी दुकानात सुरू झालं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी, वर्षभरापूर्वी.

लग्नाआधी ती रोज पोहायची. भुंगी झाल्यावर पोहणं सुटलं ते सुटलंच. वर्षापूर्वी तिने पुन्हा तरणतलावाचं कार्ड काढलं. सकाळी सहा ते पावणेसात. घरात सांगितलं, पाठ दुखते म्हणून. पाठ दुखतच होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण खरं कारण हे, की पाण्याखाली हाक ऐकू येत नाही. दिवसभर दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून ‘कापूस’, ‘आरसा’, ‘जरा लाइट इकडे’ ऐकायचं. घरी आलं की ‘आई’, ‘अगं’, ‘ऐक ना’. पाण्यात डोकं घातलं की हे सगळं गुडगुडून विरघळून जायचं. फक्त दर पंचवीस मीटरला भिंत यायची आणि वळावं लागायचं. म्हणून पोहायला शिकवणाऱ्या सरांनी एक दिवस विचारलं, “मोठ्या तलावातल्या पोहण्याला नाव देता का? मधल्या खुणेला वळसा घालून परत यायचं. किलोमीटरभर. भिंत नाही,” तेव्हा तिच्या तोंडून ‘हो’ निघूनच गेलं. नंतर तिलाच घाम फुटला.

नवरा विमा कंपनीत दावे तपासायचा. कोण, कुठे, कशामुळे गेला, याचं त्याचं रोजचं वाचन दांडगं. तो नाही म्हणाला नाही. “जा की,” म्हणाला, “पण सामान सगळं अव्वल पाहिजे.” आणि मग एका बाईच्या पोहायच्या सामानासाठी घरातली चारही माणसं अशी बाहेर पडली, जशी काही नवं घर बघायला निघालीत.

खेळाच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या बाई भक्कम खांद्यांच्या होत्या, आणि त्यांचा आवाज तळघरातून यायचा.

“नियम एकच,” त्या म्हणाल्या. “उघड्या पाण्यात उठून दिसायचं. टोपी भडक, फ्लोट भडक. बाकी हौस घरी.”

सासूबाईंनी पोपटी टोपी सुनेच्या कपाळाशी धरली आणि मान वाकडी करून पाहिली. “अगं, यात तू तापातून उठल्यासारखी दिसतेस.” मग त्यांनी गडद निळी उचलली. “ही बघ. तुझ्या पोहायच्या पोशाखाला मॅचिंग. कशी घरंदाज दिसते!”

“सुंदर दिसतील हो,” दुकानदारीणबाई म्हणाल्या, “फक्त सापडणार नाहीत.”

पोपटी टोपी घेतली गेली. सासूबाईंनी ती पिशवीत टाकताना मेलेला उंदीर टाकावा तशी दोन बोटांत धरली होती.

नवरा भिंतीला टेकून फोनवर लोकांची मतं वाचत होता. “या फ्लोटला एकाने एकच तारा दिलाय. लिहिलंय, ‘पोचला नाही.’”

“अरे, फ्लोट पोचला नसेल,” ती म्हणाली.

“तेच तर कळत नाहीये,” तो गंभीरपणे म्हणाला. “फ्लोट की तो?”

मग त्याने शिट्टी तपासली. अशी तपासली, की पलीकडे बूट घालून बघणारा एक गृहस्थ एका पायावर उभाच राहिला. त्याने दोन शिट्ट्या घेतल्या.

“दुसरी कुणाला?” तिने विचारलं.

“मला. मी काठावर असेन ना.”

फ्लोट म्हणजे उशीएवढा नारिंगी फुगा. कमरेच्या पट्ट्याला दोरीने बांधायचा. आपण पोहत पुढे जायचं, तो मागून तरंगत येतो. दमलं की धरायचा. आणि बोटीवरच्या लोकांना लांबून दिसतो. भुंगीने तो दोन्ही हातांनी कवटाळला.

“हा आईच्या मागे मागे जाणार?”

“जाणार.”

“आणि आई बुडाली तर?”

“आई बुडत नाही. पण तुला लांबून मी नाही दिसले, तरी हा दिसेल.”

भुंगीने बराच विचार केला. तलावाचं नाव निघाल्यापासून ती रात्री आईचा हात धरून झोपत होती. “म्हणजे नारिंगी दिसतोय तोपर्यंत आई आहे.”

“नारिंगी दिसतोय तोपर्यंत आई आहे,” ती म्हणाली, आणि करार झाला. तिच्या लक्षात आलं, दुकानातली एवढी एकच वस्तू भुंगीसाठी होती.

तेवढ्यात सासूबाईंनी पट्ट्याचं बकल ओढलं. टक्. पट्टा सुटून खाली.

“अय्या! हे तर उघडलं!”

“उघडायलाच हवं, आजी. दोरी पाण्यात कशात अडकली, तर एका झटक्यात सुटता आलं पाहिजे.”

“आमच्या धंद्यात, बाई, एका झटक्यात सुटलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून जातं,” सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर घरी येईपर्यंत त्या गप्प होत्या. त्यांच्या गप्प बसण्यातून आजवर कधी चांगलं निघालं नव्हतं. मागे एकदा अशाच गप्प बसल्या, तर मुलाच्या ऑफिसच्या सगळ्या पँटच्या खिशांची तोंडं त्यांनी आवळून टाकली होती, पाकीट पडतं म्हणून. पाकीट पडणं थांबलं, पण त्याला बसचा पास काढायला चिमटा लागायचा.

तर बकल. ती धावतच बाहेरच्या खोलीत आली. सासूबाई मशीनवर बसल्या होत्या आणि मांडीवर काहीतरी होतं, ते त्यांनी चपळाईने पायाखाली सारलं.

“झोपला नाहीत?”

“डोळा लागेना. म्हटलं बसावं जरा.”

“अहो आई, पट्ट्याला काही केलं नाहीत ना?”

“मी?” सासूबाईंनी गळ्यातली मोजपट्टी अशी धरली, जशा काही तिच्यावर हात ठेवून साक्ष देतायत. “हात लावला असेल तर विचार. तो बघ खिळ्याला.”

पट्टा खिळ्याला होता. तिने बकल ओढलं. टक्. पुन्हा लावलं, पुन्हा ओढलं. टक्. टक्.

“झालं समाधान?” सासूबाई म्हणाल्या. “एवढीही खात्री नसावी ना माणसाची.”

ती ओशाळली. खोलीत परतून तिने गार चहा प्यायला. फ्लोट कुठे आहे, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. नवऱ्याने तो आदल्या दिवशी फुगवून न्हाणीघरात ठेवला होता, हवा चोवीस तास टिकते का बघायला. तिथेच असेल, असं तिने धरलं. खरं तर सुचायला हवं होतं. या घरात रिमोटला अभ्रा होता, मिक्सरला होता, इस्त्रीला होता. मशीनला तर होताच, आणि मशीनच्या अभ्र्यावर धूळ बसू नये म्हणून वरून एक पातळ फडकंही होतं.

रविवारी सकाळी तलावाच्या काठावर साठसत्तर माणसं पोपटी, गुलाबी, पिवळ्या टोप्या घालून उभी होती. लांबून वाटावं, कुणाची तरी गोळ्यांची बरणी सांडलीय. फ्लोटची कापडी पिशवी सासूबाईंनी घरापासून स्वतःच्या खांद्यावरून उतरू दिली नव्हती. सामान तपासायला एक जीवरक्षक बाई होत्या. तुळतुळीत कापलेले केस, हातात यादी.

“टोपी?”

“ही.”

“शिट्टी? बकल?” टक्. “छान. फ्लोट?”

सासूबाई पुढे झाल्या. चेहऱ्यावर पहिल्यांदा नात दाखवायला आणल्याचा भाव. त्यांनी पिशवीत हात घातला आणि बाहेर काढला, तो फ्लोट नव्हता.

निळा होता. तिच्या पोशाखाचाच निळा. कडेने पांढरा बारीक गोट, एका अंगाला छोटासा खिसा. पूर्ण फुगलेल्या फुग्यावर मापात बेतलेला, कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. आतला नारिंगी रंग औषधालाही दिसत नव्हता.

“अहो आई…” ती म्हणाली.

“तीन दुकानं पालथी घातली या रंगासाठी,” सासूबाई म्हणाल्या. “अगदी पाण्यात मिसळून जातो.”

जीवरक्षक बाईंनी फ्लोट घेतला, गुडघाभर पाण्यात गेल्या, तो लोटून दिला आणि मागे येऊन उभ्या राहिल्या. सगळेच बघू लागले. पाणी निळं होतं. तलाव निळा होता.

“बावीस वर्षं हे काम करतेय,” त्या म्हणाल्या. “असा फ्लोट कधी पाहिला नव्हता. अजूनही दिसत नाहीये.”

“धूळ बसते हो त्याच्यावर.”

“तलावात?”

सासूबाई रिकाम्या पिशवीची घडी घालू लागल्या.

“अभ्रा काढा, मग उतरा. माझ्याकडे जादाचे दोन होते, ते गेले. सव्वासातला यादी बंद.” सात वाजून दोन मिनिटं झाली होती.

“चेन कुठे आहे, आई?” नवऱ्याने फ्लोट पाण्यातून आणून उलटासुलटा केला.

“चेन? चेन लावून कपड्याची शोभा घालवू? आतून टिपून बंद केलंय. टाका कुठे दिसतो का सांग!” आणि एवढं सगळं होऊनही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आलाच. “माझी शिवण आजवर उसवली नाही कुणी.”

कात्री नव्हती. ब्लेड नव्हतं. नवऱ्याने किल्ली लावून पाहिली, किल्ली वाकली. हवा सोडावी, तर तिचं झाकण अभ्र्याच्या आत. “असा दावा माझ्या टेबलावर आला असता ना,” तो घाम पुसत म्हणाला, “तर मी म्हटलं असतं, काहीतरी बनवून सांगतायत.”

“जाऊ दे, अहो आई,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू.”

हे वाक्य गेल्या पाच वर्षांत तिने इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता त्यासाठी जीभसुद्धा हलवावी लागत नसे. सिनेमाला म्हटलं होतं, मैत्रिणींच्या सहलीला म्हटलं होतं, पुढच्या कोर्सच्या परीक्षेला म्हटलं होतं. तिने टोपी काढायला हात वर नेला. मधली खूण तिथून दिसत होती; पिवळी, इवलीशी, हलत असलेली. तिने तिच्याकडे पाहणं टाळलं.

तेव्हा भुंगी बोलली. फ्लोटला हात लावून, अगदी साधेपणाने. “आजी, पण मग मी आईला बघायचं कसं?”

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं. मग तलावाकडे. मग आपल्या त्या मापात बेतलेल्या, सुंदर, निळ्या, तलावासारख्याच दिसणाऱ्या शिवणकामाकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मग त्यांनी कॉलरच्या आत टोचलेली सुई काढली. ती तिथे असायचीच. त्या तिच्यासकट झोपत असत.

“धर गं दोन्ही हातांनी,” त्या सुनेला म्हणाल्या आणि वाळूत फतकल मारून बसल्या.

आतमध्ये ठासून हवा, वर ताणलेलं कापड, आणि कापडाखाली सुई. बघ्यांचं एक वर्तुळ जमलं. कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. अपवाद एकाचा.

“आई, सुई जराशी जरी आत गेली—”

“तू गप बस. तुझ्या अंगावर असताना तुझे सदरे उसवलेत मी. टोचली कधी?”

“दोनदा.”

“तेव्हा तू हलला होतास. फुगा हलत नाही.”

एकेक टाका सुईच्या टोकावर येत होता आणि तुटत होता. “किती बारीक घातलेत मेले,” सासूबाई पुटपुटल्या. “कुणाला दाखवायचे होते कोण जाणे.” मग मान वर न करता, फक्त सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “न्हाणीघराचं दार उघडलं की तो नारिंगी डोळा वटारून बघायचा माझ्याकडे. वाटायचं, ही बुडणार म्हणूनच आणलाय. झाकला, आणि काल मला झोप लागली.”

 तिने फुगा थोडा पुढे सरकवून धरला, म्हणजे सासूबाईंना वाकावं लागू नये. त्यांची करंगळी तिच्या करंगळीला लागली होती. सुई तेवढी चालू होती.

सात वाजून अकरा मिनिटांनी नारिंगीची पहिली फट दिसली. भुंगीने टाळी वाजवली, अर्धं वर्तुळ दचकलं. तेराव्या मिनिटाला अभ्रा निघाला. खिशातून कागदात गुंडाळलेली एक गोळी वाळूत पडली.

“मधे चक्कर आली तर,” सासूबाई म्हणाल्या.

“पाण्यात खायची?”

“मग कुठे, घरी आल्यावर?”

तिने ती तिथेच तोंडात टाकली, पट्टा आवळला आणि उतरली.

पाणी गार होतं. पहिले शंभर मीटर ती हातपाय आखडूनच पोहली. भिंत येईल म्हणून अंग आपोआप वळायला बघत होतं आणि भिंत काही येत नव्हती. मागे कुठेतरी शिट्टी वाजली. पुढच्या तिघांनी दचकून हात वर केले, बोट गर्रकन वळली. तिने मान काढून पाहिलं: काठावर जीवरक्षक बाई लांब ढांगा टाकत एका माणसाकडे निघाल्या होत्या आणि तो माणूस गळ्यातली शिट्टी मुकाट्याने काढून देत होता. त्याला बायको लाटेआड क्षणभर दिसली नव्हती, एवढंच. ती पाण्यातच हसली, दोन घोट पोटात गेले, आणि त्यानंतर अंग सैल झालं.

मग ती पोहली. नुसती पोहली.

मधल्या खुणेशी थांबायचं कारण नव्हतं. दम लागला नव्हता, चक्कर आली नव्हती. तरी ती थांबली. फ्लोट ओढून डोक्याखाली घेतला आणि पाठीवर झाली. कान पाण्यात बुडाले. वर आकाश होतं, खाली कितीतरी पाणी होतं, आणि या दोघांना तिच्याकडून काहीही नको होतं. जिभेवर गोळीची शेवटची साखर होती. एक मिनिट गेलं असेल, कदाचित तीन. ती कुणाची कुणी नव्हती. कापूस नव्हता, आरसा नव्हता, डब्यात काय द्यायचं हे नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं, इतकं, की बरं वाटतंय हेही मनात आलं नाही.

मग ती वळली आणि काठ दिसला. काठावर एक लाल ठिपका उभा होता. अगदी स्थिर. लाल फ्रॉक.  गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्याचं जिन्यात आठवावं, तसं तिला आठवलं. अगंबाई, भुंगी!

परतीचं अंतर तिने कसं कापलं, तिलाच कळलं नाही.

काठावर सासूबाई टॉवेल पसरून उभ्या होत्या. जीवरक्षक बाई शेजारीच होत्या. आमच्या वल्ह्यांच्या मुठींनाही असे अभ्रे शिवून द्याल का, असं विचारत होत्या. फक्त नारिंगी.

“नारिंगी?” सासूबाईंनी सुस्कारा सोडला. “बरं. पण गोट निळा लावणार हं.”

 नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, घड्याळात पाहिलं, पुन्हा हात ठेवला.

भुंगी तिच्या ओल्या पायांना बिलगली. फ्रॉक भिजला, तरी सोडेना. तिचे डोळे लालबुंद झाले होते.

“रडलीस?” तिने खाली बसून विचारलं.

“नाही. उघडे ठेवले. माशासारखे. शिंक आली तरी मिटले नाहीत.” भुंगी अभिमानाने म्हणाली. “मला तू सगळा वेळ दिसत होतीस. जाताना पण, येताना पण. आणि तिथे मधे तू झोपली होतीस ना, तेव्हा पण मी तुझ्याकडेच बघत होते.”

“हो?”

“हो.” भुंगीने तिच्या नाकावरून ओघळणारं पाणी बोटाने पुसलं, आणि तोंड अगदी तिच्या कानाशी आणलं.

“आई, तेव्हा तुला माझी आठवण येत होती?”